हॅरिएटबाईसाठी कवंदी

१५ डिसेंबर

ठरलं! आमच्या गुंजी गावाहून बेळगावला येताना, खानापूर सुटायच्या आत सगळं डोक्यात ठरून गेलं आणि मी भर डब्यात मोठ्यानं "येस्स!" म्हणाले. समोरच्या काकूंनी पिशवी जवळ ओढून घेतली. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी अदबीनं विचारलं, "विच कंट्री?"

हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. मग मी त्यांना मराठीतून नीट सांगितलं, की आम्ही सिद्दी, आमच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं, तिथून ते या जंगलात पळून आले. बेळगाव आलं तरी मी सतराव्या शतकातच होते. गृहस्थ उतरताना म्हणाले, "मराठी छान बोलता हो."

तर ठरलं ते असं. माघात आईला जाऊन वर्ष होईल. गेल्या थंडीत ती अंथरुणावर होती तेव्हा मी तिला मोबाइलवरून जगातल्या मोठ्या काळ्या बायकांच्या गोष्टी वाचून दाखवायचे. मी तळमळून वाचायचे आणि आई भलतंच विचारायची. तिला पोरं किती? जेवली कधी? हॅरिएट टबमन स्वतः गुलामीतून पळाली आणि पुन्हा पुन्हा परत जाऊन जंगलातून, थंडीच्या रात्रींतून माणसं सोडवून आणत राहिली, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. आई म्हणाली, "थंडीतनं? मग त्या बाईला कुणी कवंदी दिली का न्हाय?"

तेव्हा मी हसले होते. आज गाडीत कळलं, की आपणच द्यायची! कवंदी म्हणजे आमच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची शिवतात ती गोधडी. तिच्यावर पाच थोर स्त्रियांचे चेहरे, आणि मधोमध आईची साडी. मी काम करते त्या वाचनालयाच्या वसुधा मॅडमनी महिला दिनासाठी सभागृह द्यायचं फोनवरच कबूल केलं. आई साधी होती, तिनं काही इतिहास घडवला नाही. पण तिच्या नावानं इतिहास घडवणाऱ्यांचा सन्मान होईल.

झोप येत नाहीये. आनंदानं!

१८ डिसेंबर

बेळगावात शहापूर भागात माझ्या खोलीच्या गल्लीतच नागेंद्रचं घर आहे. वडिलांचे माग होते, आता तो कापडावर छपाई करतो. पाच चेहरे दाखवले. प्रत्येक बाईबद्दल त्यानं इतके प्रश्न विचारले, की दुकानात आलेलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. छपाई झाली की स्वतः गुंजीला आणून देतो म्हणाला, कारण रविवारी त्याला लोंढ्याला काम असतं आणि गुंजी वाटेवरच आहे. किती सोयीचं!

२२ डिसेंबर

अरे देवा.

नागेंद्रनं छापलेले तुकडे अप्रतिम आहेत. रंग असे, की हॅरिएट आता बोलेल. आमच्या अंगणात थोरली काकू मालुबाई आणि शेजारच्या जयाबाई, अंबुबाई जमल्या होत्या. मी एकेक तुकडा उलगडून माहिती सांगितली. एन्झिंगा राणी पोर्तुगीज गव्हर्नराशी बोलणी करायला गेली, त्यानं तिला मुद्दाम खुर्ची दिली नाही, तर ती आपल्या दासीच्या पाठीवर ऐटीत बसली, असं सांगतात.

"आणि त्या दासीचं नाव काय?" अंबुबाईनं विचारलं.

मी वांगारी मथाईकडे वळले, जिनं केनियात बायकांकडून कोट्यवधी झाडं लावून घेतली. इतक्यात मालुबाईनं हॅरिएटला चिमटीत धरून चुरगळून बघितलं, गालाला लावलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"रचना, हे कापड नवं हाय गं."

"हो! एकदम नवं!"

"मग कवंदीत कसं घालायचं? कुणाच्या अंगाला न लागलेलं कापड ऊब देत न्हाय. बसतंय नुसतं कोऱ्या नवरीवाणी."

जयाबाईनं "व्हय की" म्हणून सुई परत पदराला खोचली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. नागेंद्र माझ्यापेक्षा जास्त अपराधी चेहरा करून उभा होता. मालुबाईनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "मग रडतीस कशाला? नेसूया की! अंगावर घालून जुनं करू. तुझ्या आईचं वर्सश्राद्ध यायच्या आत मऊसूत."

आणि एकच गोंधळ! जयाबाईनं राणी झंपराच्या पाठीला लावायला घेतली. "पाठीवर बसायची सवयच हाय की तिला." अंबुबाईनं वांगारी नातवाच्या झोळीला मागून घेतली, कारण पोर मुतलं की कापड झटकन मऊ पडतं. एका नोबेल विजेतीबद्दल हे ऐकून मी काही बोलणार होते, पण मथाईबाई हसतमुख दिसत होत्या. मालुबाईनं हॅरिएट कानाभोवती बांधली, पहाटे लाकडाला जाताना थंडी वाजते म्हणून. बेसी कोलमन मला आली. अमेरिकेत कुणी विमान शिकवेना, म्हणून ती फ्रेंच शिकून फ्रान्सला जाऊन वैमानिक झाली. ती माझी ओढणी.

उरली रोझा पार्क्स. ओसरीवर वडील, आमचे आप्पा, सुपारी कातरत बसले होते. "ही कोण?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बसमध्ये गोऱ्या माणसासाठी उठ म्हणाले तर उठली नाही, ती. आप्पांनी तिला खांद्यावर टाकलं आणि म्हशीकडे गेले.

आप्पा खूश आहेत असं वाटून मी लगेच आईची हिरवी इरकल मागितली. मला पदवी मिळाली त्या दिवशी ती नेसली होती ती. आईसाठी तीच शोभेल. आप्पा म्हणाले, "न्हाय." बस्स. कारण नाही, काही नाही. ते अलीकडे हट्टीच झालेत. डोक्याला ते तपकिरी फडकं, वर्ष होत आलं, धुवायलासुद्धा देत नाहीत. मी नवा टॉवेल आणून दिला, तर त्यात कोंबडीची अंडी ठेवली. मी मालुबाईकडे गाऱ्हाणं केलं. तिनं आप्पांच्या डोक्याकडे बघितलं आणि हॅरिएटची गाठ घट्ट केली.

३१ डिसेंबर

बेसी ओढून वाचनालयात गेले. वसुधा मॅडमनी तीनदा चष्मा पुसला. "अगं, प्रदर्शनाची वस्तू तू अंगावर?" मी ऊब, घाम वगैरे समजावलं. त्या घामाशी थोड्या अडखळल्या, पण नंतर चहाच्या वेळी हळूच म्हणाल्या, "माझ्या आजेसासूबाईसुद्धा बाळंतविड्याला जुनंच लुगडं घ्यायच्या हो."

नागेंद्रनं संध्याकाळी वाटेत थांबवून ओढणीचा रंग तपासला. कालही तपासला होता. कामाच्या बाबतीत फार दक्ष मुलगा.

५ जानेवारी

मालुबाई हॅरिएटला घेऊन रोज जंगलात जाते. आज मी तिच्यासोबत गेले आणि हॅरिएटचं कार्य पुन्हा समजावलं, कारण तिला वाटतंय ही नर्सबाई आहे. अंधारात, जंगलातून, धरलं तर जीव जाईल हे माहीत असूनही माणसांना पलीकडे पोचवायचं.

"म्हंजे अक्काताईवाणी," मालुबाई म्हणाली.

अक्काताई म्हणजे आई. मी सांगितलं, की नाही, आई फक्त मला शाळेच्या बसपर्यंत सोडायची. पहाटे, चूड पेटवून, गवे असायचे म्हणून पुढे ती आणि मागे मी. दहावीपर्यंत. पण ते वेगळं.

"व्हय, वेगळं," मालुबाई म्हणाली आणि हसतच राहिली. तिला अजून नीट कळलेलं नाही. पुढच्या वेळी सोप्या शब्दांत सांगेन.

१२ जानेवारी

सत्यानाश! चेहरे उडाले!

ओढ्यावर दगडावर आपटून, साबण लावून, मालुबाई वगैरेंनी कापड जुनं करण्यात कसर ठेवलेली नाही. राणीचा मुकुट गेला. वांगारीबाईंचं हसू गेलं, ते कशानं गेलं ते लिहीत नाही. हॅरिएटच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळसर तपकिरी आकार आणि दोन डोळे. मी तुकडे मांडीवर घेऊन बसले. ही तर कुणीही असू शकेल!

"आता कशी घरातली दिसती," अंबुबाई म्हणाली. "ही बघ, थेट जयाबाईची आत्या."

"आत्या एवढी गोरी न्हवती," जयाबाई म्हणाली.

नागेंद्र आला आणि हात जोडून म्हणाला, "माझी चूक ओ, रंग कच्चा लागला. परत छापून देतो." मालुबाईनं त्याला विचारलं, "आणि परत एक महिना नेसायचं कुणी? तू?" मग त्याच्या हातात सुई दिली. शिवण आजपासून सुरू झाली. मागाच्या घरातला मुलगा, टाके इतके सरळ घालतो! मी कौतुक केलं तर बोटात सुई टोचून घेतली.

"छापणारा लई लाजतोय गं," मालुबाई म्हणाली. रंगाचंच त्याच्या मनाला लागलं असणार. बिचारा.

२ फेब्रुवारी

आज हसून हसून पोट दुखतंय, तरी लिहिते.

आप्पा खानापूरच्या बाजाराला गेले होते. खांद्यावर रोझाबाई. परत येताना बस खच्चून भरलेली. बायकांना तिकीट नाही, त्यामुळे हल्ली बसमध्ये बायकाच बायका. पुढची एक सीट रिकामी दिसली, आप्पा बसले. कंडक्टर आला. "आप्पा, एळ्री. उठा."

आप्पांनी म्हणे एकदा खांद्याकडे बघितलं. आयुष्यात कुणाला वर मान करून बोलले नाहीत ते. आणि म्हणाले, "उठणार न्हाय."

"अहो, उठा म्हणतोय न्हवं."

"ही बाई उठली न्हाय. मी बी उठणार न्हाय. गाडी पोलिसात घाला."

कंडक्टर म्हणाला, "कुठली बाई?" आप्पांनी रोझाबाईंना उलगडून दाखवलं. चेहरा तर गेलेला! कंडक्टर त्या तपकिरी डागाकडे बघतच राहिला. आप्पांनी सगळ्या बसला गोष्ट सांगितली, काळ्या माणसानं का म्हणून उठायचं, इथपर्यंत. तेव्हा मागून एक म्हातारी ओरडली, "अरं बाबा, काळ्याचं गोऱ्याचं ऱ्हाऊ दे, ती शीट बायकांची हाय!" वर कन्नडमध्ये पाटी होती. आप्पांना वाचता येत नाही.

मग आप्पा उठले का? न्हाय! ती म्हातारीच म्हणाली, "बस रं बस, एवढी लांबनं आलीया तुझी बाई, बसू दे." आणि आप्पा गुंजीपर्यंत बायकांच्या सीटवर बसून आले.

हे अंगणात उभं राहून सांगताना आप्पा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! वर्षभरात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून म्हणाले, "अगं, ऐकलंस का?"

"ऐकलं की!" मी अंगणातूनच म्हणाले. त्यांना वाटलं असेल माझं लक्ष नाही. ते जरा वेळ तसेच चुलीकडे बघत राहिले, मग डोक्याचं फडकं नीट केलं आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. जेवले नाहीत. बाजारात काहीतरी खाल्लं असणार.

९ फेब्रुवारी

आता काळजी वाटायला लागलीय. कवंदी कडेनं शिवत शिवत आत जायची असते. कडा झाल्या, हॅरिएट, राणी, वांगारीबाई आणि बेसी बसल्या, एक जागा रोझाबाईंसाठी ठेवलीय, आणि मध्ये आता दोन तळहातांएवढं भोक उरलंय. ते आईचं. रोज टाके आत सरकतात आणि आईची जागा लहान होते. पुन्हा इरकल मागितली. "न्हाय." मी म्हणाले, आप्पा, सगळ्यांना जागा आहे, फक्त आईलाच नाही, हे तुम्हाला चालतं? ते उठून गेले.

आईचा फोटोही एकच, आधार कार्डावरचा. त्यात ती पकडून आणल्यासारखी दिसते. तोच छापून घालावा म्हणून नागेंद्रकडे गेले. त्यानं फोटो खूप वेळ बघितला आणि म्हणाला, "हे न्हाय छापणार मी. तुम्ही सांगता त्या आई यात न्हाईत ओ." चिडून निघून आले. नंतर वाटलं, खरंच आहे.

१६ फेब्रुवारी

आज वर्षश्राद्ध झालं. नैवेद्य झाला, कावळाही लवकर शिवला. मालुबाई म्हणाली, आईला तुझी कवंदी बघायची घाई झालीया.

दुपारी सगळ्या कवंदीभोवती बसल्या. भोक एका तळहाताएवढं. मी ठरवलं होतं, की काही बोलायचं नाही. मालुबाईनं तिच्याच लुगड्याचा एक तुकडा पुढे केला. "हे घालूया गं आता. मोकळं ठेवून चालत न्हाय."

आप्पा आतून आले. हातात इरकल होती. त्यांनी ती कवंदीवर ठेवली नाही, माझ्या मांडीवर ठेवली.

"ही तू नेस. बेळगावात, त्या दिवशी. ती दोनदा नेसली फक्त. यात ती न्हाय."

आणि त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं.

उलगडत गेलं तसं मला दिसलं. आधी काठ. मग एका जागी घातलेलं ठिगळ, माझ्याच शाळेच्या गणवेशाचं, निळं. आईची रोजची साडी. भाकरी थापताना, लाकडं आणताना, पहाटे चूड घेऊन माझ्यापुढे चालताना जी असायची, ती. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी तिला धुवायला मागत होते!

"धुतलं की वास जातोय," आप्पा म्हणाले. एवढंच.

त्यांचं डोकं मी कितीतरी दिवसांनी उघडं बघितलं. सगळं पांढरं झालंय. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि साडीला नाक लावलं. धूर, शेण, खोबरेल. मग आम्ही दोघंही तिला नाक लावून बसलो, आणि मालुबाई म्हणाली, "बास करा, न्हायतर सगळा वास दोघंच खाशिला."

निळ्या ठिगळासकट तुकडा कापला. आप्पांनीच कात्री चालवली. तो भोकावर ठेवला आणि पाची जणी चारी बाजूंनी टाके घालत आत गेलो. नागेंद्रसुद्धा, तो पाचवा. मिटवण्याआधी अंबुबाईनं आत तांदळाचे दाणे टाकले. आमच्यात कवंदीचं पोट उपाशी ठेवत नाहीत. चार कोपऱ्यांना चार कापडी फुलं लावली, कारण फुलांशिवाय कवंदी उघडी असते.

रोझाबाईंची जागा मात्र मालुबाईच्या लुगड्यानंच भरली. कारण मी तुकडा मागायला गेले तर तो आप्पांच्या डोक्याला बांधलेला होता, नीट, पीळ देऊन.

"आप्पा, रोझाबाई हव्यात."

"ती उठणार न्हाय," आप्पा म्हणाले.

८ मार्च

इरकल नेसले. मालुबाईनं निऱ्या घातल्या आणि दोनदा मला फिरवून बघितलं.

सभागृह भरलं होतं! भिंतीवर कवंदी. वसुधा मॅडम चेहरे शोधत होत्या. "अगं, यातली हॅरिएट कुठली?" मी दाखवली. "आणि ही?" जयाबाई म्हणाली, "ही माझी राणी." मॅडमनी मोजल्या. "पाच म्हणाली होतीस ना? रोझा पार्क्स दिसत नाहीत." मी मागे वळले. आप्पा पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या राखीव खुर्चीवर बसले होते. एक कार्यकर्ता वाकून त्यांना काहीतरी सांगत होता आणि आप्पा, इतक्या लोकांना घाबरून, उठायला लागले होते.

"भरमू!" मालुबाईनं दारातून आप्पांना नावानं हाक मारली. "डोक्यावर कोण हाय ध्यानात ठेव!"

आप्पा परत बसले. मॅडमना मी घाईघाईनं सगळं सांगितलं. त्या स्वतः गेल्या, आप्पांच्या डोक्याकडे बघून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "बसा. दोघंही बसा." पाहुण्यांना दुसरी खुर्ची आणली.

मी भाषण पाठ केलं होतं. हॅरिएट, राणी, वांगारी, बेसी सगळ्या झाल्या, आणि मग लिहिलेलं वाक्य आलं, की माझी आई साधी होती, तिनं इतिहास घडवला नाही. समोर मालुबाई बसली होती. मी थांबले. म्हणाले, "माझी आई मला अंधारात जंगलातून पलीकडे सोडायची." तेवढंच बोलून खाली बसले.

टाळ्या पुष्कळ झाल्या. मॅडम कवंदी महिनाभर भिंतीवर ठेवा म्हणाल्या. मालुबाईनं विचारलं, "भिंतीला थंडी वाजती व्हय?" मॅडम हसायला लागल्या आणि स्वतःच दोरी सोडायला स्टुलावर चढल्या.

परतीच्या गाडीत आम्ही सगळ्या एका बाकड्यावर दाटीनं बसलो. नागेंद्रही होता, लोंढ्याला काम. तिकीट मात्र त्यानं गुंजीचं काढलं होतं, घाईत चुकलं असणार. मालुबाईनं सरकून त्याला माझ्याशेजारी जागा केली. खिडकी बंद होईना, जंगल जवळ आलं तसं वारं गार झालं. मग कवंदी उघडली आणि सगळ्यांच्या गुडघ्यांवर पसरली. मधलं निळं ठिगळ आप्पांच्या मांडीवर आलं. त्यांनी त्यावर हात ठेवला.

समोरच्या बाकावरचा एक तरुण बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी त्यानं विचारलंच, "विच कंट्री?"

मी पोर्तुगीजांपासून सुरुवात करायला तोंड उघडलं. पण आप्पांना प्रश्न माझ्याआधी कळला होता.

"गुंजी," ते म्हणाले. "खानापूर गेलं की लगीच."

आणि त्यांनी कवंदीची कड वर ओढून घेतली, कारण हॅरिएटबाई खिडकीच्या बाजूला होती आणि वारं तिकडूनच येत होतं.